टाके नाहीत, डाग नाही?

प्रश्न : मुलगा २४ वर्षांचा आहे. कपाळ दोन्ही बाजूंनी मागे सरकलंय, टाळूही दिसायला लागलीय. पुढच्या वर्षी लग्नाचं बघायचंय, म्हणून हेअर ट्रान्सप्लांटचा हट्ट धरून बसलाय. एका क्लिनिकमध्ये म्हणाले, ‘एफयूई करू. टाके नाहीत, डाग नाही, एका दिवसात ४००० ग्राफ्ट.’ दुसरे डॉक्टर मागची पट्टी काढून करतो म्हणतात. आम्ही शेतकरी माणसं. काय करावं?
– एक वडील, निफाड

उत्तर : निफाडचे आहात, म्हणजे कांद्याची लागण तुम्हाला मी सांगायला नको. वाफ्यातून रोप घाईने उपटलं की मूळ तुटतं. इथेही खरी कसोटी लावताना नाही, काढताना लागते.

एफयूईत मागचे केस मशीनने बारीक करून, भूल देऊन, ०.८ ते १ मिलिमीटरचा पोकळ पंच केसांच्या एकेका पुंजक्याभोवती फिरवतात आणि चिमट्याने पुंजका अलगद ओढून घेतात. हा पुंजका म्हणजेच ग्राफ्ट, त्यात एक ते चार केस. भिंगाखाली तो हुबेहूब पातीच्या कांद्यासारखा दिसतो, फक्त चार-पाच मिलिमीटरचा. गोम अशी, की केस वर ज्या कोनात दिसतो त्याच कोनात आत असेलच असं नाही. पंच जरा तिरका गेला की कांदा अर्धा कापला जातो. कुरळ्या केसांत तर माझीही परीक्षा असते. आता हे एका दिवसात ४००० वेळा करायचं! हात कोणाचा आणि तो सकाळी किती ताजा, संध्याकाळी किती, याचा विचार करा.

डाग नाही हेही खरं नाही. प्रत्येक जागी पांढरा ठिपका राहतो, केस पार बारीक कापले की दिसतो. पट्टीत सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर रुंदीची कातडी काढून टाके घालतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पुंजके सोडवतात. मुळं डोळ्यांसमोर असतात, म्हणून कमी तुटतात. व्रण मात्र एका रेघेचा, वाढवलेल्या केसांखाली झाकला जाणारा.

मागचे केस पुढे लावले तरी आपला टिकाऊ गुण सोडत नाहीत, हे न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइच यांनी १९५०च्या दशकात दाखवलं. सगळा धंदा त्यावर उभा आहे. पण तो साठा मर्यादित. बहुतेकांच्या मागून जन्मभरात पाच-सहा हजार ग्राफ्टच्या पुढे फारसे निघत नाहीत. चोविशीत ४००० उडवले, आणि पुढे मधले केस गळत राहिले, तर पुढे झालर, मागे माळरान.

म्हणून माझं मत : आत्ता शस्त्रक्रिया नको. वर्षभर केसगळतीवरचं मिनॉक्सिडिल लावू दे. फिनास्टराइडची गोळी मात्र दुष्परिणाम समजून घेऊन, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. लग्नासाठी घाई करूनही उपयोग नाही. लावलेले केस आधी दोन-चार आठवड्यांत गळतात, नवे तीन-चार महिन्यांनी डोकावतात, भरायला वर्ष लागतं.

पुढे कधी केलंच, तर ‘पंच कोण फिरवणार?’ हे आधी विचारा. ‘आमची टीम’ असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघा. केस बारीक ठेवणार असेल तर एफयूई, वाढवणार असेल तर पट्टीही चालेल.

आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना तुमचा, त्याच्या मामांचा चाळिशीतला फोटो सोबत न्या. टोपी न घातलेला.