फिल्टर जाड घातला म्हणून वॉरंटी गेली?

प्रश्न : माझे यजमान ६१ वर्षांचे. झोपेत श्वास अडकतो म्हणून डॉक्टरांनी सीपॅप लावायला सांगितलं. सतरा महिन्यांपूर्वी पुण्यातल्याच एका अधिकृत डीलरकडून ५८,००० रुपयांचं मशीन घेतलं, वॉरंटी दोन वर्षांची. आम्ही धायरीत राहतो. समोर रस्त्याचं काम, शेजारी बांधकाम. मशीनचा पांढरा फिल्टर दहा-बारा दिवसांत काळा पडायचा. डीलरच्या माणसाला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला तर त्याने लिहिलं, 'मॅडम, हेपावाला टाका, जाड येतो, मशीन पण सेफ राहतं, वॉरंटीला काही होत नाही.' सहा फिल्टरचं पाकीट १,५०० रुपयांना त्यानेच घरी आणून दिलं. बिल नाही, नुसती चिठ्ठी. सात महिने तेच वापरले. गेल्या महिन्यात मशीन शिट्टीसारखा आवाज करायला लागलं आणि मोटरचा एरर दाखवून बंद पडलं. सर्व्हिस सेंटर म्हणतं, 'बाहेरचा फिल्टर लावला, वॉरंटी रद्द, मोटरचे २६,००० होतील.' डीलर म्हणतो, कंपनीशी बोला. मशीन त्यांच्याकडेच आहे. सध्या महिना ४,००० भाड्याने दुसरं आणलंय. बिल मुलाच्या फर्मच्या नावावर आहे, जीएसटी नंबरासह. आणि एक गोष्ट अजून कुणाला सांगितलेली नाही : धूळ फारच होती तेव्हा आठवडाभर मी जुना आणि नवा फिल्टर एकावर एक बसवले होते. हे सांगावं का? (एक वाचक, धायरी)

उत्तर :

ताई, कलमं नंतर बघू. आधी ते मशीन.

आज संध्याकाळपर्यंत सर्व्हिस सेंटरला ईमेल करा. त्यात एवढंच लिहा : माझ्या लेखी परवानगीशिवाय मशीन उघडू नये, मोटर काढू नये, काढली असेल तर ती आणि आत सापडलेला फिल्टर टाकून देऊ नये, वॉरंटी नाकारण्याचं कारण मला लेखी द्यावं, आणि सीरियल नंबर असलेल्या जॉबशीटची प्रत द्यावी. 'एस्टिमेट मंजूर' अशा कुठल्याही कागदावर सही करू नका. वॉरंटीच्या भांडणांत मी वारंवार बघतो, की माणूस महिनाभर फोनवर वाद घालतो आणि तोवर वर्कशॉपमध्ये वस्तू उघडून, पुसून, जुना पार्ट कचऱ्यात गेलेला असतो. मग तपासायला उरतं काय?

आता वॉरंटी कार्ड. तुम्ही पाठवलेल्या फोटोत सातव्या ओळीला जे इंग्रजी वाक्य आहे, त्याचं मराठी असं होतं : 'कंपनीने मान्य न केलेले सुटे भाग वापरल्यामुळे झालेले नुकसान वॉरंटीत येत नाही.' या वाक्यातल्या 'मुळे'वर तुमची अख्खी केस उभी आहे. बाहेरचा फिल्टर घातला की वॉरंटी संपली, असं कार्डात कुठेही लिहिलेलं नाही. त्या फिल्टरमुळे मोटर गेली असेल, तर त्या नुकसानीला वॉरंटी नाही, एवढंच लिहिलंय. आणि 'मुळे' कुणी सिद्ध करायचं? जो त्याचा आधार घेऊन हात वर करतोय त्याने. सर्व्हिस सेंटरने आजवर तुम्हाला फक्त फिल्टरचा फोटो दाखवलाय. मोटर का जळाली याबद्दल एक ओळही दिलेली नाही.

तरी कंपनीचं म्हणणं अगदीच हवेतलं आहे असं समजू नका. सीपॅप खोलीतली हवा फिल्टरमधून ओढतं, आतला ब्लोअर ती दाबाने पुढे ढकलतो. डॉक्टरांनी ठरवलेला दाब, साधारण ४ ते २० सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा, टिकवायचा हे मशीनचं काम. फिल्टर जितका दाट, तितका हवेला अडथळा जास्त, आणि दाब राखायला मोटर तितकी जोरात फिरते. खरा हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा. बाजारात 'हेपा' म्हणून विकला जाणारा प्रत्येक जाड कापडाचा तुकडा तसा असतोच असं नाही. धायरीच्या धुळीत तो तुंबला आणि बदलला नाही तर मोटर तापू शकते. पण मोटर इतर कारणांनीही जाते. ह्युमिडिफायरचं, म्हणजे हवेला ओलावा देणारं पाण्याचं भांडं भरलेलं ठेवून मशीन उचललं की पाणी मागे आत शिरतं. बेअरिंग मुळातच खराब निघतं. शिवाय तुमच्या मॉडेलसाठी कंपनीच स्वतःचा जास्त बारीक फिल्टर विकते का, ते तिच्या कॅटलॉगमध्ये बघा. विकत असेल तर 'जाड फिल्टरने मोटर जाते' हे सरसकट वाक्य तिच्या तोंडी शोभत नाही. हा विशिष्ट फिल्टर वाईट होता, असं तिला दाखवावं लागेल.

तुमच्याकडे एक साक्षीदार आहे आणि तो बहुतेक तुमच्याच ड्रॉवरमध्ये असेल : मशीनच्या कडेला असलेलं एसडी कार्ड. मशीन देताना ते काढून ठेवलं होतं का? असेल तर त्याच्या कडेची बारकीशी खिटी 'लॉक'कडे सरकवा, म्हणजे त्यावर नवं काही लिहिलं जाणार नाही. कार्ड मशीनमध्येच राहिलं असेल तर वरच्याच ईमेलमध्ये ते मागा. या मशीनमध्ये रोज रात्रीचे तास, दाब, मास्कची गळती, श्वास किती वेळा अडकला, याची नोंद होते. झोपेच्या डॉक्टरांकडून सतरा महिन्यांचा रिपोर्ट काढून घ्या. सात महिने जाड फिल्टर असूनही दाब ठरल्याप्रमाणे मिळत होता आणि शेवटच्या आठवड्यात अचानक घसरला, असं दिसलं तर फिल्टर हवा कोंडत होता हे म्हणणं लंगडं पडतं. उलट पाच महिन्यांपासून हळूहळू घसरण दिसली तर ते तुमच्या विरुद्ध जाईल. वकिलाने हेही आधीच सांगायला हवं.

तर आता तो आठवडा, दोन फिल्टर एकावर एक घातलेला. सांगा. ग्राहक आयोगात तक्रार करायची वेळ आली तर तिच्यासोबत प्रतिज्ञापत्र जोडायचं असतं, आणि शपथेवर 'मी फक्त एकच फिल्टर वापरला' असं तुम्ही लिहू शकत नाही. उद्या उलटतपासणीत एका प्रश्नात ते बाहेर आलं तर बाकी सगळं खरं असूनही तुमच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. तारीख आठवा, त्या सात रात्रींची नोंदही कार्डावर असेल. त्यानंतर मशीन महिनोन् महिने नीट चाललं असेल तर तो आठवडा तुमच्याच कामाला येईल. माझा अनुभव असा, की अशिलाला ज्याची लाज वाटते ती गोष्ट केसमध्ये बहुधा फार छोटी असते.

डीलरकडे वळू. 'वॉरंटीला काही होत नाही' हे त्याच्या माणसाचं वाक्य सोन्यासारखं आहे. तो फोन बदलू नका, चॅट पुसू नका, पूर्ण संभाषण एक्सपोर्ट करून ठेवा. तक्रारीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडू. ग्राहक आयोग पुराव्याच्या नियमांत काटेकोर अडकत नाही, पण समोरच्या वकिलाला बोट ठेवायला जागा कशाला द्यायची? तुम्ही स्वतःहून बाजारातून फिल्टर आणला असता तर मी तुम्हाला २६,००० वर तडजोड करा म्हणालो असतो. इथे अधिकृत डीलरने सुचवला, विकला, घरी पोचवला. वर बिलही दिलं नाही, आणि बिल न देणं हीच ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. चिठ्ठी जपून ठेवा. त्यावर त्याचं अक्षर आहे. कंपनी आणि डीलर दोघांनाही प्रतिवादी करा. 'आमचा नाही, त्यांचा' हा खेळ त्यांनी आयोगासमोर आपसात खेळावा.

आता मशीनचं बिल मुलाच्या फर्मच्या नावावर. कंपनीचा वकील पहिलाच आक्षेप हा घेणार, की खरेदी व्यापारी हेतूने झाली, तुम्ही ग्राहकच नाही. उत्तर सोपं आहे. कलम २(७) प्रमाणे खरेदी करणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहक असतो, म्हणून यजमानांना तक्रारदार क्रमांक एक करा, मुलाची फर्म क्रमांक दोन. स्लीप स्टडीचा रिपोर्ट आणि डॉक्टरांची चिठ्ठी यजमानांच्या नावाची आहे, ती जोडा. लीलावती रुग्णालय चालवणाऱ्या ट्रस्टने परिचारिकांना राहायला फ्लॅट घेतले होते, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलंय की घेणारा कोण यापेक्षा खरेदीचा मुख्य हेतू नफा मिळवण्याचा होता का, हे बघायचं. झोपताना नाकावर मास्क लावून कुणी नफा कमवत नाही.

पण मुलाला एक विचारा. त्याने या बिलावर इनपुट टॅक्स क्रेडिट घेतलंय का, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी फर्मच्या करातून वजा करून घेतलाय का? घेतलं असेल तर ते चुकीचं आहे. वैयक्तिक वापराच्या वस्तूवर जीएसटी कायद्याचं कलम १७(५) क्रेडिट देत नाही. तक्रार दाखल करण्याआधी सीएकडून ते व्याजासह परत करून घ्या. नाहीतर एका खात्याला सांगायचं 'धंद्यासाठी घेतलं' आणि आयोगाला सांगायचं 'बाबांसाठी घेतलं', हे एकाच फाइलमध्ये बसत नाही.

वॉरंटी कार्डावर 'सर्व वाद गुरुग्रामच्या न्यायालयातच' असं छापलंय म्हणून तुम्ही घाबरलात. घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी पुणे. कार्डात लवादाचं, म्हणजे वाद न्यायालयाऐवजी खासगी पंचाकडे नेण्याचं कलम असतं तरी फरक पडला नसता. एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग प्रकरणात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा ग्राहकाच्या बाजूने मिटवलाय. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाखांची आणि ती मोजायची दिलेल्या किमतीवर. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी शून्य. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. मुदत नकार मिळाल्यापासून दोन वर्षं, पण मशीन त्यांच्या ताब्यात असताना दोन महिनेही थांबू नका.

मुलाने पाठवलेला अमेरिकेतला वॉरंटीविषयीचा १९७५ चा मॅग्नुसन-मॉस कायदा बाजूला ठेवा. तो इथे लागू नाही. त्याने आपल्या ग्राहक कायद्यातलं 'प्रॉडक्ट लायबिलिटी'चं, म्हणजे सदोष वस्तूने केलेल्या हानीच्या भरपाईचं प्रकरणही वाचलेलं दिसतंय; तेही तुमच्या कामाचं नाही, कारण कलम २(२२) मध्ये 'हानी'च्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूचं झालेलं नुकसान वगळलंय. आणि वॉरंटीची अट 'अनुचित करार' आहे असा मथळा देऊ नका. अनुचित कराराच्या तक्रारी राज्य आयोगाकडे जातात, आणि तुमची फाइल विनाकारण अधिकारक्षेत्राच्या वादात अडकेल. सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा, या दोनच पायांवर तक्रार उभी करा.

आधी कंपनी आणि डीलर दोघांना स्पीड पोस्टाने पंधरा दिवसांची नोटीस द्या, सोबत ईमेल. त्याच दिवशी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बऱ्याच कंपन्या तिथेच मोटर बदलून मोकळ्या होतात, आणि तसं झालं तर माझी फी वाचेल, त्याचं मला वाईट वाटणार नाही. नाही झालं तर मागण्या अशा : वॉरंटीत मोटर किंवा मशीन बदलून द्यावं, भाड्याचे पैसे, फिल्टरचे १,५००, मानसिक त्रासापोटी माफक रक्कम आणि खर्च. दहा लाखांची मागणी लिहून देणारे भेटतील. ५८,०००च्या मशीनला दहा लाख मागितले की सदस्य चष्म्यावरून बघतात. भाड्याची पावती दर महिन्याला घ्या, तोंडी व्यवहार नको.

तक्रारीसोबतच दोन अर्ज द्या. एक कलम ३८(८) खाली अंतरिम आदेशासाठी, की मशीन आहे त्या स्थितीत जपावं आणि निकालापर्यंत पर्यायी मशीन द्यावं. दुसरा, मशीन सील करून प्रयोगशाळेत तपासण्यासाठी. तपासणीचा खर्च तुम्हाला भरावा लागेल, पण 'मुळे'चं उत्तर तिथूनच येईल. समोरच्यांना उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे एक दिवसही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. तपासणी असेल तर पाच महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. तुम्ही मनात याहून बरीच जास्त मुदत धरा.

भाड्याच्या मशीनबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण मला तेच खुपतंय. भाड्याची मशीन बऱ्याचदा जुनी असतात. १४ जून २०२१ रोजी फिलिप्सने आपली बरीच सीपॅप आणि तशाच प्रकारची बायपॅप मॉडेल्स जगभरातून परत मागवली, कारण आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याची भीती होती. २६ एप्रिल २०२१ च्या आधी बनलेली मशीन त्यात होती. हा फोम फिल्टरच्या पुढे, हवेच्या वाटेवर असतो, त्यामुळे बाहेर कितीही भारी फिल्टर लावा, उपयोग नाही. मशीन उलटं करण्याआधी पाण्याचं भांडं बाजूला काढा, मग तळाच्या लेबलवरचं मॉडेल, सीरियल नंबर आणि तारीख यांचा फोटो काढा आणि भाड्याने देणाऱ्याला लेखी विचारा, की हे त्या यादीतलं आहे का आणि याला कुठला फिल्टर चालतो. यावेळी त्याचं उत्तर येईपर्यंत आत जो आहे, तोच राहू द्या.