शाळेच्या गॅदरिंगला मुलीच्या कपाळावर आणि गालावर खडे-मोती चिकटवायला फेविक्विक चालेल का?

नाही, फेविक्विक अजिबात नको. खोट्या पापण्यांचा डिंक, म्हणजे आयलॅश ग्लू घ्या. कोल्हापुरात हौशी नाटकांचा मेकअप करते, त्यामुळे हे सामान रोज हाताखालचं. फेविक्विकमधलं सायनोॲक्रिलेट त्वचेला क्षणात घट्ट धरतं, ओढलं की साल निघते, आणि कापसाला लागलं तर चटका बसण्याइतकं तापतं. फेविकॉलही लाकूड-कागदासाठीच, चेहऱ्यासाठी नव्हे. दाढी-मिशांचा स्पिरिट गम मोठ्यांना ठीक, पण त्यात अल्कोहोल असतं. लहान मुलांना आणि डोळ्यांजवळ तो नकोच.

चिकटवायची जागा कोरडी, बिनतेलाची हवी. क्रीम लावलेल्या गालावर काहीच टिकत नाही. खड्याच्या पाठीला डिंकाचा बारीक थेंब लावा, अर्धा मिनिट थांबा, थोडा चिकट झाला की मगच दाबा. ओला असतानाच लावला तर खडा घसरत हनुवटीपर्यंत येतो! काढताना ओढू नका, खोबरेल तेलाचा बोळा ठेवून सैल होऊ द्या.

एकच अट: बऱ्याच आयलॅश ग्लूमध्ये लेटेक्स असतं. फुग्याने किंवा रबरी हातमोज्याने मुलीला खाज येत असेल तर ‘लेटेक्स-फ्री’ लिहिलेलाच घ्या, आणि काहीही असलं तरी आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून बघाच.