ग्राहकांच्या नोंदी एकदम बदलताना

प्रश्न : आमचे शिवाजी उद्यमनगरात पंपांच्या सुट्या भागांचे दुकान आहे. ग्राहकांची माहिती मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये असून विक्री प्रतिनिधींनी जमवलेले नवे मोबाइल क्रमांक व पत्ते एक्सेलमध्ये आहेत. हजारो नोंदी एकदम बदलता येतील का? ग्राहक क्रमांक काही ओळींतच आहे, नावे मात्र सगळीकडे आहेत.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : येतील, परंतु फाईल थेट मूळ टेबलात भरू नये. ती आधी एका तात्पुरत्या टेबलात घ्यावी आणि तेथून ग्राहक क्रमांकावर जॉइन करून (म्हणजे दोन्ही टेबलांतील ओळी त्या क्रमांकाने जुळवून) एकाच अपडेट आदेशाने मूळ टेबल बदलावे. नावावरून जुळवण्याचा मोह टाळावा, कारण करवीर आणि कागल तालुक्यांत एकाच नावाचे किती पाटील निघतील हे आपणांस सांगावयास नको. शिवाय तेच गृहस्थ एका बिलावर पूर्ण नावाने, तर दुसऱ्यावर नुसत्या आद्याक्षरांनी असतात. क्रमांक नसलेल्या ओळी जुना मोबाइल किंवा जीएसटी क्रमांक पाहून माणसानेच जुळवाव्यात, मग त्यात दोन दिवस मोडले तरी चालतील.

एक्सेलवर विशेष लक्ष ठेवावे लागते. मोबाइल क्रमांकापुढे 91 असल्यास तो 12 अंकी होतो व साध्या रकान्यात घातांकाच्या रूपात दिसू लागतो. तशीच सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची) फाईल जतन केली, की त्या फायलीतून शेवटचे अंक जातात. कोल्हापूरच्या 0231 या एसटीडी कोडमधले पहिले शून्यही असेच गळते. म्हणून तो कॉलम क्रमांक भरण्यापूर्वीच टेक्स्ट करावा आणि डेटाबेसमध्ये व्हारचार (मजकुराचा प्रकार) ठेवावा.

रिकाम्या रकान्याने जुना पत्ता पुसला जाऊ नये, अशी अट आदेशात हवीच. चुकीचा क्रमांक फोन लावताच कळतो, पुसलेला पत्ता मात्र माल पाठवण्याची वेळ येईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. तात्पुरत्या टेबलात एकाच ग्राहकाच्या दोन ओळी असतील तर मायएसक्यूएल त्यांतील एकच घेते आणि ती कोणती असेल याची खात्री नसते, तेव्हा दुबार ओळी आधीच काढाव्यात.

मायएसक्यूएलमध्ये एरवी प्रत्येक आदेश आपोआप कायम होतो. यासाठी स्टार्ट ट्रान्झॅक्शन देऊन अपडेट चालवावे, अटींत बसलेल्या ओळींची (रोज मॅच्ड) संख्या आधी त्याच अटींवर चालवलेल्या सिलेक्टच्या (नोंदी नुसत्या पाहण्याच्या आदेशाच्या) संख्येशी ताडून पाहावी आणि मगच कमिट करावे (बदल कायम करावेत), अन्यथा रोलबॅक (बदल मागे घ्यावेत). टेबल इनोडीबी प्रकारचे असेल तरच हे साधते. मायआयसॅम प्रकारच्या टेबलात रोलबॅक चालत नाही. मूळ टेबलाची प्रत मात्र ट्रान्झॅक्शन सुरू करण्यापूर्वीच काढून ठेवावी, कारण मध्येच क्रिएट टेबल दिल्यास तोवरचे सारे बदल आपोआप कमिट होतात.