फिल्म आणि फोटो एकाच खोलीत कसे मांडायचे?

तुम्ही विचारलंय की ग्रुपने मिळून ११ मिनिटांची फिल्म केलीय, सोबत साठेक फोटो आहेत, आणि दाखवायला एकच खोली दोन दिवसांसाठी मिळालीय, तर सुरुवात कुठून करायची. आम्ही आमच्या वेळेला फ्रेम कुठल्या घ्यायच्या इथून सुरुवात केली होती आणि तिथेच गंडलो, म्हणून सांगतो, आधी खोलीतला उजेड बघा.

फोटोला उजेड लागतो आणि फिल्मला अंधार, खरी मारामारी एवढीच आहे. आम्ही प्रोजेक्टर लावून बघितला तो आदल्या दिवशी संध्याकाळी, एकदम झकास दिसत होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजता बघतो तर समोरच्या खिडकीतून ऊन थेट पडद्यावर आणि त्यात काहीतरी राखाडी हलतंय एवढंच कळत होतं. फिल्म निम्मी रात्रीची होती, म्हणजे विचार करा. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, तो फक्त उजेड टाकतो, त्यामुळे तो बंद असताना पडदा जेवढा काळा दिसतो त्याहून काळं काही त्यावर दिसणारच नाही. म्हणून प्रदर्शन ज्या वेळेला आहे त्याच वेळेला जाऊन खोली बघून या, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा.

मग एक तर कोपरा जाड काळ्या कापडाने नीट बंद करून तिथे प्रोजेक्टर लावा, नाहीतर सरळ टीव्ही घ्या. मी टीव्हीच म्हणेन. प्रोजेक्टर लावला की भारी वाटतं हे खरं पण टीव्ही उजेडातही दिसतो आणि फोटोंवरचे लाइट बंद करावे लागत नाहीत. प्रोजेक्टरच हवा असेल तर त्याचा थ्रो रेशो (प्रोजेक्टरचं अंतर भागिले चित्राची रुंदी) बघा, तो १.५ असेल तर २ मीटर रुंद चित्रासाठी प्रोजेक्टर ३ मीटर मागे ठेवावा लागतो, आणि तेवढी जागा त्या कोपऱ्यात असतेच असं नाही.

दुसरी गोष्ट, लोक फिल्मच्या मध्येच येतात. गोष्ट शेवटी उलगडणारी असेल तर लूपवर (संपली की परत आपोआप सुरू) सोडू नका, दर अर्ध्या तासाने शो ठेवा आणि वेळा दारावर मोठ्या अक्षरात लावा. नुसतं वातावरण असलेली फिल्म असेल तर लूप चालतो, फक्त शेवट आणि सुरुवात यांच्यामध्ये १५-२० सेकंद काळी स्क्रीन ठेवा. शोच्या वेळेला आवाज स्पीकरवर ठीक आहे, पण लूप असेल तर हेडफोनच द्या, कारण तेच ११ मिनिटांचं संगीत दिवसभर ऐकून फोटो बघणाऱ्यांचं (आणि तिथे बसणाऱ्या तुमच्या मित्राचं) डोकं उठतं. फाइल एमपी४ करून पेनड्राइव्हवर घ्या, त्याच टीव्हीवर आधी पूर्ण चालवून बघा, लॅपटॉपवरून लावणार असाल तर स्लीप मोड बंद करा.

आता फोटो. साठ लावू नका, प्लीज. सगळ्यांच्या छोट्या प्रिंट काढून जमिनीवर पसरा, दोन दिवस तशाच राहू द्या, येताजाता हलवत राहा, १५-१८ वर आपोआप याल. भांडणं होतील कारण प्रत्येकाला आपला फोटो हवा असतो, पण ती आत्ताच झालेली बरी. जे फिल्ममध्ये दिसतं तेच फोटोत परत नको, आणि फिल्ममधल्या फ्रेम काढून मोठ्या प्रिंट करायच्या हा विचार असेल तर आधी हिशोब करा, फुल एचडी फ्रेम १९२० बाय १०८० पिक्सेलची असते, ३०० डीपीआयला (म्हणजे प्रिंटच्या एका इंचात ३०० पिक्सेल) ती साधारण साडेसहा बाय साडेतीन इंच होते, म्हणजे पोस्टकार्ड. जरा लांबून बघायचं असेल तर १५० वर भागतं, तरीही १३ इंचांच्या आतच. पेपर मॅट घ्या, ग्लॉसीवर ट्यूबलाइट दिसते, फोटो नाही.

टांगताना फोटोचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंमीवर येऊ द्या, सगळ्यांचा मध्य एकाच रेषेत, साइज वेगवेगळे असले तरी. खिळा कुठे मारायचा तर १४५ मध्ये फ्रेमची अर्धी उंची मिळवा आणि फ्रेममागची ताणलेली तार वरच्या कडेपासून जेवढी खाली येते तेवढी वजा करा. फ्रेम ५० सेंमीची आणि तार ६ सेंमी खाली असेल तर १४५ अधिक २५ वजा ६, म्हणजे १६४. खिळे मारायला परवानगी नसेल तर सनबोर्डवर (हलका फोमचा बोर्ड) चिकटवून लावा, पण नुसत्या डबल टेपच्या भरवशावर राहू नका, आमचे तीन बोर्ड रात्रीत खाली आले होते.

फोटोत ओळखू येणारी माणसं असतील तर त्यांना आधी विचारून घ्या, फिल्ममध्ये कुणाचं गाणं वापरलं असेल तर त्याचीही परवानगी बघा.

खोलीला खिडक्या किती आणि कुठल्या दिशेला आहेत ते कमेंटमध्ये टाका, म्हणजे स्क्रीन कुठल्या भिंतीला लावायची ते सांगता येईल.