वाचकांचे प्रश्न : उपासना संपल्यावरचं पाचारण

या वेळी खानदेशातून आलेली चार पत्रं घेतली आहेत. चारही पत्रांत श्रद्धा आणि रोजचं काम यांचा मेळ कसा घालायचा हेच विचारलं आहे, म्हणून उत्तरं एकत्र देत आहोत.

प्रश्न : भुसावळला रेल्वेत नोकरी करणारी आम्ही काही ल्यूथरन (मार्टिन ल्यूथरच्या शिकवणीवर चालणाऱ्या प्रोटेस्टंट मंडळीतली) कुटुंबं आहोत. कुणी रांचीकडची, कुणी गुंटूरकडची, काही इथलीच. मी लोको पायलट आहे. रविवारची उपासना महिन्यातून एखादी मिळते. "आधी देवाचं काम, मग नोकरी" असं ऐकून मन खातं. काय करावं?

गाडी सुखरूप नेणं हे देवाचंच काम आहे, हे आधी मनात पक्कं करा. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1520 मध्ये जर्मन उमरावांना लिहिलं, की चांभार, लोहार, शेतकरी या प्रत्येकाचं काम वेगळं असलं तरी बाप्तिस्म्याने सगळे सारखेच याजक आहेत, आणि प्रत्येकाने आपल्या कामातून दुसऱ्याच्या उपयोगी पडायचं आहे. इंजिनमागच्या डब्यांत झोपलेली माणसं हेच तुमचे शेजारी.

पण म्हणून उपासना सोडून चालणार नाही. 1529 च्या लघु प्रश्नोत्तरावलीत, म्हणजे श्रद्धेची मूलतत्त्वं शिकवणाऱ्या त्याच्या छोट्या पुस्तकात, शब्बाथ पवित्र पाळण्याच्या तिसऱ्या आज्ञेचा अर्थ देताना ल्यूथरने वाराचं नावही घेतलेलं नाही. वचन तुच्छ मानू नका, ते पवित्र मानून आनंदाने ऐका आणि शिका, एवढंच सांगितलं. वचन कानावर पडायलाच हवं, मग वार कोणताही असो. त्याची सोय करणं ही मंडळीची जबाबदारी आहे, एकट्या तुमची नाही.

रनिंग स्टाफला, म्हणजे गाडीवर ड्युटी करणाऱ्यांना, एक ठरलेली वेळ कधीच सोयीची पडत नाही. म्हणून एकच उपासना दोनदा ठेवा, समजा बुधवारी संध्याकाळी 7 वाजता आणि गुरुवारी सकाळी 10 वाजता. दोन्हीकडे तोच उतारा, तोच संदेश. 40 मिनिटं पुरतात: गीताला 4, पापकबुली आणि क्षमेच्या घोषणेला 4, स्तोत्र व शुभवर्तमान वाचायला 8, पाळकांनी लिहून दिलेल्या संदेशाला 12, मतांगीकार (श्रद्धेची ठरलेली कबुली) आणि मध्यस्थीच्या (इतरांसाठीच्या) प्रार्थनांना 10, प्रभूची प्रार्थना व समारोपाला 2. ही उपासना वडीलजनांपैकी कुणीही चालवू शकतं. प्रभुभोजन मात्र पाळकांनीच द्यावं. रीतसर पाचारण (मंडळीकडून नेमणूक) झाल्याशिवाय कुणी मंडळीत जाहीरपणे शिकवू नये किंवा संस्कार देऊ नयेत, असं ल्यूथरन श्रद्धेचं मूळ निवेदन असलेल्या ऑग्सबर्गच्या कबुलीजबाबाचं (1530) चौदावं कलम सांगतं. पाळकांना महिन्यातल्या एका गुरुवारी बोलवा.

अशा उपासना बंद पडतात त्या बहुतेक वेळ लांबल्यामुळे. साक्षी वाढत जातात, 40 मिनिटांचे दोन तास होतात, आणि ज्यांच्यासाठी हे सुरू केलं तेच ड्युटीचा कॉल येईल या धास्तीने येईनासे होतात. साक्षी द्यायच्या असतील तर आशीर्वादानंतर, चहाच्या वेळी.

रात्रभराच्या प्रार्थनेबद्दलही सांगायलाच हवं. आठ तास किंवा त्याहून जास्त ड्युटी झाली की मुख्यालयात 16 तासांची विश्रांती ठरलेली असते. ती झोप मोडून जागरणाला बसवणं चुकीचं आहे. पाचवी आज्ञा, खून करू नको, शेजाऱ्याच्या जिवाला जपायला सांगते. ड्युटीआधीची झोप त्यातच येते. घरच्यांनी दार लावून घ्यावं, फोन घ्यावा, मुलांना बाहेर न्यावं. ही त्यांची सेवा आहे.

प्रश्न : यावल तालुक्यात केळी आणि कापूस करतो. सुवार्तेसाठी पत्रकं वाटायला सांगतात, पण मला बोलायला जमत नाही. शेतात काम करणाऱ्या बायांपुढे माझी साक्ष कशी होईल?

पत्रकं ज्यांना जमतं त्यांनी वाटावीत. तुमच्या शेतातल्या बाया आधी तुमचा वजनकाटा पाहतात.

सातवी आज्ञा उघडा. (चोरीची आज्ञा आपण ल्यूथरन सातवी म्हणतो, इतर बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत ती आठवी. दुसऱ्या मंडळीतून सून आली असेल तर हे आधीच सांगा, नाहीतर घरच्या प्रार्थनेत गोंधळ होतो.) तिचा अर्थ सांगताना ल्यूथर चोरी न करण्यापाशी थांबत नाही. खोट्या मालाने, लबाड व्यवहाराने शेजाऱ्याचं घेऊ नये, उलट त्याची मिळकत आणि पोटापाण्याचा धंदा वाढायला, टिकायला हातभार लावावा, असं तो म्हणतो.

वेचणीच्या हंगामात हे असं करा. वेचणी सुरू होण्याआधी दर सांगा, वजन झाल्यावर नाही. शेवटच्या वेचणीला झाडावर बोंडं कमी असतात, दिवसभर वाकूनही किलो भरत नाहीत. तेव्हा किलोमागचा दर वाढवा. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी वैधमापन विभागाकडून करून घ्यावी लागते, त्याची मुदत तपासा. रोज पहिलं गाठोडं टाकण्याआधी शिक्क्याचं 20 किलोचं वजन ठेवून सगळ्यांना आकडा दाखवा. रिकामी चादर त्यांच्यासमोर तोला आणि तेवढंच वजन वजा करा, अंदाजाने किलोभर नाही. वहीत प्रत्येकीचं नाव आणि वजन 100 ग्रॅमपर्यंत लिहा. "वरचे सोडून द्या" म्हणत रोज 400 ग्रॅम सोडले, तर सहा दिवसांत एकीचे 2 किलो 400 ग्रॅम जातात, आणि हे सगळ्याच बायांच्या बाबतीत होतं.

ओल्या कापसावरून दरवर्षी वाद होतो. दव असताना वेचलेला कापूस जड भरतो, पुढे पिवळा पडतो, व्यापारी भाव पाडतो. मग मालक बायांचं वजन कापतो. दव उतरल्यावरच वेचणी सुरू करायची असा नियम ठेवा, म्हणजे कपातीचा विषयच निघणार नाही. मजुरी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी द्या. बाजार उलटून गेल्यावर मिळालेल्या पैशाने त्या आठवड्याचं तेल-मीठ उधारीवरच येतं.

हे सगळं करून देवाकडून तुमच्या पदरात काही पुण्य पडतं, असं मात्र समजू नका. ख्रिस्तामुळे तुम्ही आधीच नीतिमान ठरला आहात. देवाला तुमच्या खऱ्या काट्याची गरज नाही, त्या बायांना आहे. "तुम्ही असं का करता?" असं कुणी विचारलंच, तर दोन वाक्यांत सांगा. मजुरी वाटताना उपदेश करू नका, कारण पैसे हातात पडेपर्यंत त्यांना उठून जाता येत नाही.

प्रश्न : शहाद्याजवळच्या आमच्या मंडळीत दृढीकरणाच्या (बाप्तिस्मा झालेल्या मुलांनी शिकून आपली श्रद्धा जाहीर करण्याच्या विधीच्या) वर्गातली निम्मी मुलं दिवाळीनंतर आई-बापांबरोबर ऊसतोडीला जातात. वर्ग अर्धा राहतो. मुलं घरी मराठीही फार बोलत नाहीत.

शाळेच्या वर्षाप्रमाणे वर्ग चालवू नका, टोळीच्या वर्षाप्रमाणे चालवा. जून ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत 18 रविवार धरा: दहा आज्ञांना 7, मतांगीकाराला 3, प्रभूच्या प्रार्थनेला 4, आणि बाप्तिस्मा, पापकबुली, प्रभुभोजन यांना मिळून 4. पुढच्या जूनपासून तेच सहा भाग पुन्हा घ्या, या वेळी अर्थावर भर देऊन. दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी, टोळ्या निघण्याआधी, दृढीकरण करा.

पाठांतराचा मजकूर एकच ठेवा आणि दरवर्षी शब्द बदलू नका. ल्यूथरनेही लघु प्रश्नोत्तरावलीच्या प्रस्तावनेत पाळकांना हेच बजावलं आहे. मजकूर मराठीत पाठ होऊ द्या, अर्थ अहिराणीत, पावरीत किंवा घरात जी बोली असेल तिच्यात सांगा, आणि मुलांकडूनही त्याच बोलीत वदवून घ्या. पाठ झालं पण कळलं नाही, हे ओळखायला प्रत्येक आज्ञेनंतर विचारा: कालच्या दिवसात ही कुठे आली? उत्तर आलं नाही तर पुढे जाऊ नका.

फडावर रेंजचा भरवसा नसतो. निघण्याआधीच आईच्या फोनमध्ये तीन-तीन मिनिटांची ध्वनिमुद्रणं भरून द्या, आठवड्याला एक. आई-बापांनाही दाखवा, कारण लघु प्रश्नोत्तरावली मुळात कुटुंबप्रमुखाने घरच्यांना शिकवावी म्हणूनच लिहिली गेली.

प्रश्न : नंदुरबार जिल्ह्यातल्या एका पाड्यावर सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असलेल्या मुलासाठी प्रार्थनेला बोलावतात. घर ख्रिस्ती नाही. जावं का, काय बोलावं?

बोलावलं आहे तर जा. दोघांनी जा, अर्धा तास बसा, मुलाचं नाव घेऊन प्रार्थना करा. बरं होईलच असं वचन देऊ नका, आणि गोळ्या बंद करा असं कुणी सोबतचा म्हणाला तर तिथल्या तिथे त्याला थांबवा. मुलाला भरपूर पाणी पाजा, थंडीत उबदार ठेवा, ताप आला किंवा छातीत दुखलं तर वाट न पाहता दवाखान्यात न्या, हे आईला सांगा. गाडीची सोय करता आली तर करा, पण ती श्रद्धेच्या बदल्यात आहे असा भास कुठेही होऊ देऊ नका. संविधानाचं 25 वं कलम धर्माचा प्रसार करण्याचा हक्क देतं. पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये स्पष्ट केलं आहे. तांदूळ, पैसे, कपडे घेऊन प्रार्थनेला जाऊ नका. मदत द्यायचीच असेल तर ती वेगळ्या दिवशी, पाड्यावरच्या सगळ्या गरजूंना सारखी द्या आणि मंडळीच्या हिशेबात लिहा. घरच्यांनी पुढे बाप्तिस्म्याबद्दल विचारलं तर घाईने होकार देऊ नका, पाळकांची भेट घालून द्या.