पहिल्यांदा कयाकमध्ये बसताना

प्रवासात पहिल्यांदाच कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी, अरुंद होडी) भाड्याने घेणार असाल, तर सिट-ऑन-टॉप प्रकारची मागून घ्या. तिच्यात वरच बसायचं असतं, त्यामुळे उलटली तरी आत अडकायची भीती नाही. दोन पात्यांचं वल्हं कयाकचं, एका पात्याचं कनूचं, म्हणजे वरून उघड्या, लांबट होडीचं. सामान जास्त आणि पाणी शांत असेल तर कनू बरी.

लाइफ जॅकेट घातलं की खांद्याच्या पट्ट्या धरून कुणाला तरी वर ओढायला सांगा. ते कानापर्यंत सरकलं तर तुमच्या मापाचं नाही, सरळ बदलून घ्या.

खरी गोम वाऱ्याची. किनाऱ्याकडून पाण्याकडे वाहणारा वारा फसवा. काठाशी झाडं-टेकड्या तो अडवतात, म्हणून पाणी काचेसारखं दिसतं. जरा आत गेलात की तो पाठीमागून ढकलतो, मजा वाटते (आपल्याला जमतंय असंही वाटतं!), आणि परत फिरल्यावर दम निघतो. मी एकदा असाच गेलो. 10 मिनिटांत गाठलेल्या टोकावरून परतायला पाऊण तास लागला. तेव्हापासून जाताना वाऱ्याच्या विरुद्ध आणि येताना वाऱ्यासोबत, हेच धोरण.

कपडे हवेच्या नाही, पाण्याच्या तापमानाप्रमाणे घाला. 15 अंशांखालच्या पाण्यात अचानक पडलं की श्वास आवरत नाही. नदीत आडव्या पडलेल्या झाडापासून लांबच राहा. फांद्यांतून पाणी निघून जातं, माणूस अडकतो.

आणि वल्हं नुसत्या हातांनी नको, कंबरेतून वळून मारा. नाहीतर दुसऱ्या दिवशी दात घासायलाही हात उचलणार नाही.