प्रयोगशाळा नसताना मधुमेह आणि कर्करोग यांचे सामायिक बायोमार्कर शोधता येतात का?

आपण यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यात राहून एम.एस्सी. करीत आहात, महाविद्यालयाची प्रयोगशाळा बेताचीच आहे आणि मधुमेह व कर्करोग या दोन्हींत समान असलेले बायोमार्कर (म्हणजे आजाराची खूण ठरणारी, मोजता येणारी जनुके वा प्रथिने) केवळ संगणकावर शोधता येतील का, असे आपण विचारले आहे. येतील. वाशिम जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी जैवमाहितीशास्त्र शिकवतो आणि माझ्या विद्यार्थ्यांनी हे काम मोबाइलच्या इंटरनेटवर केलेले आहे.

अमेरिकेतील एनसीबीआय या सरकारी जैवमाहिती केंद्राच्या जीईओ या ऑनलाइन भांडारात जनुकांच्या अभिव्यक्तीची, म्हणजे कोणते जनुक किती सक्रिय आहे याची, माहिती २००० सालापासून विनामूल्य मिळते. तेथील जीएसई २५७२४ या संचात टाइप २ मधुमेहाच्या ६ आणि मधुमेह नसलेल्या ७ व्यक्तींच्या स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणारे पेशीपुंज आहेत, तर जीएसई १५४७१ मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या ३६ रुग्णांची गाठ आणि तिच्या शेजारचा निरोगी भाग आहे. दोन्ही संच वेगवेगळ्या चिपवर (जनुकांची सक्रियता मोजणाऱ्या पट्ट्यांवर) मोजलेले असल्यामुळे ते एकत्र कालवू नका. आर या संगणकीय भाषेतील लिम्मा या जनुक-विश्लेषणाच्या पॅकेजने प्रत्येकाचे विश्लेषण स्वतंत्र करा आणि मग याद्या ताडून पाहा. सुमारे २०,००० जनुके पी-मूल्याच्या (फरक केवळ योगायोगाने दिसण्याच्या शक्यतेच्या) ०.०५ या मर्यादेने तपासली तर निव्वळ योगायोगानेही हजारभर बदललेली दिसतात, म्हणून असे खोटे निकाल आटोक्यात ठेवणाऱ्या बेंजामिनी-हॉकबर्ग दुरुस्तीनंतरचेच पी-मूल्य धरावे.

सामायिक यादी एका संध्याकाळी निघते, पण तिला बायोमार्कर म्हणण्याची घाई करू नका. बाजार समितीत ओला कापूस काट्यावर जास्त भरतो, पण म्हणून त्यात रुई वाढलेली नसते. गाठीचेही तसेच आहे: तिच्यात तंतुमय पेशींची दाटी होते, पाचक रस करणाऱ्या पेशी विरळ होतात आणि त्या पेशींची जनुके ‘घटलेली’ दिसतात, उरलेल्या पेशींत त्यांचे काम पूर्वीसारखेच चालू असू शकते. मधुमेहात इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी कमी झाल्या तरी असाच भास होतो. म्हणून यादीतले प्रत्येक जनुक कोणत्या पेशीचे आहे, हे एकल-पेशी माहितीत, म्हणजे एकेक पेशी वेगळी मोजून जमवलेल्या माहितीत, पडताळावे.

बदलाची दिशाही जुळली पाहिजे. एचएनएफ१बी या जनुकातील डीएनएचा एक फरक प्रोस्टेटच्या कर्करोगाचा धोका वाढवतो आणि टाइप २ मधुमेहाचा कमी करतो, असे २००७ मध्ये दिसून आले; म्हणजे जागा एकच, परिणाम उलटे.

माझ्या मोठ्या बाबांना साठीनंतर अचानक मधुमेह निघाला आणि वजन झपाट्याने उतरले. साखरेने वाळले, असेच आम्ही घरचे सारे म्हणत राहिलो. स्वादुपिंडातील गाठ सापडली तेव्हा वर्ष उलटून गेले होते. पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झालेल्यांपैकी सुमारे १ टक्का लोकांना पुढील तीन वर्षांत हा कर्करोग आढळतो, कारण कधी कधी साखर वाढवणारी गाठच असते. त्यामुळे ‘मधुमेह आणि कर्करोग’ एवढा मोठा विषय न घेता, जुना मधुमेह आणि गाठीमुळे उद्भवलेला मधुमेह वेगळा ओळखणारी, रक्तात उतरणारी प्रथिने कोणती, एवढाच प्रश्न घ्यावा, असे मला मनापासून वाटते. आपल्या यादीतील जी जनुके पेशीबाहेर स्रवणारी प्रथिने बनवतात, ती आधी वेगळी काढा आणि टीसीजीए या कर्करोगाच्या जनुकीय माहितीच्या अमेरिकी प्रकल्पाच्या स्वादुपिंड-कर्करोग संचात तपासा.